आश्रय आणि आपलेपणा

'आमचा' हा शब्द मराठीत मोठा उदार आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत आयुष्य काढणारा गृहस्थ 'आमची चाळ' म्हणतो, आणि चाळीच्या मालकासही त्यात काही वावगे वाटत नाही. गावातले देऊळ कोणा सरदाराने बांधलेले असते, त्याच्या नंदादीपाचे तेल कोणा इनामदाराच्या जमिनीतून येत असते. तरी मूठभर तांदूळ घेऊन दर्शनास येणारी म्हातारी 'आमचा देव' असेच म्हणते. सरदाराचे नाव शिलालेखात उरते आणि देव गावाचा होतो. परंतु प्रत्येक देणगीच्या कपाळी हे भाग्य लिहिलेले नसते. दात्याचा हात आखडताच कित्येक घाटांचे चिरे निखळतात, कित्येक तलाव गाळाने भरतात, आणि ज्यांच्यासाठी ते बांधले ती माणसे 'ज्याचे त्याने पाहावे' असे म्हणून स्वस्थ बसतात. दुसऱ्याने दिलेली वस्तू आपली केव्हा होते आणि केव्हा होत नाही, हा प्रश्न आमच्या मनात पुष्कळ वर्षे घोळत आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही दक्षिण कोरियातील एका फुटबॉल-संघापाशी जाऊन पोहोचलो, हे ऐकून वाचकांस आश्चर्य वाटेल. आमच्या घरच्या मंडळींसही ते वाटते. क्रिकेटवर पोसलेल्या या देशात मनुष्याने फुटबॉल पाहावा हे एक वेळ क्षम्य; पण युरोपातले नामांकित संघ सोडून पोहांग नावाच्या गावाचा संघ पाहावा, यास काय म्हणावे? तथापि आमचे म्हणणे पुरते ऐकून घेतल्यास हा नाद अगदीच निरर्थक नाही, असे दिसून येईल.

पोहांग हे गाव कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर, योंगिल उपसागराच्या काठी वसलेले आहे. एके काळी मासळी हीच त्याची मुख्य ओळख होती, आणि १९५० च्या युद्धात ते उद्ध्वस्त झाले होते. अशा ठिकाणी पोलादाचा प्रचंड कारखाना काढण्याचे कोरियन सरकारने मनावर घेतले व १ एप्रिल १९६८ रोजी त्यासाठी कंपनी स्थापन केली. आज जग तिला 'पोस्को' या नावाने ओळखते. ज्या पाश्चात्य सावकारांकडे भांडवल मागितले, त्यांनी हा बेत फायद्याचा नाही असे सांगून हात झटकले. अखेर जपानशी १९६५ साली झालेल्या तहान्वये कोरियास जो पैसा मिळत होता, त्यातील काही भाग या कामी वळविण्यात आला. जपानने १९१० पासून १९४५ पर्यंत कोरियावर राज्य केले होते. त्या राज्यात जे भोगले, त्याचा तो एक प्रकारे मोबदला होता. कंपनीचे प्रमुख पार्क ते-जून हे लष्करातून आलेले गृहस्थ. हा पैसा पूर्वजांच्या रक्ताचा आहे, कारखाना उभा राहिला नाही तर आपण सर्वांनी उजवीकडे वळून समोरच्या समुद्रात उड्या घेतल्या पाहिजेत, अशा अर्थाचे ते कामगारांस बजावीत असत. तशी वेळ आली नाही. ९ जून १९७३ रोजी पोहांगच्या भट्टीतून पहिले वितळलेले लोखंड बाहेर पडले.

आता आम्हांस ज्याचे नवल वाटते ती गोष्ट सांगतो. कंपनीचा फुटबॉल-संघ स्थापन झाला तो तिच्या पाचव्या वाढदिवशी, म्हणजे १ एप्रिल १९७३ रोजी. लोखंड वाहू लागण्यापूर्वी दोन महिने चेंडू फिरू लागला! हिशेबी मनुष्य म्हणेल, जेथे अद्याप एक तुकडा पोलाद निघाले नाही तेथे खेळाचे हे थेर कशासाठी? परंतु ओसाड किनाऱ्यावर, खेड्यापाड्यांतून आलेली हजारो माणसे एका ठिकाणी राबत असता त्यांना भाकरीइतकीच दुसऱ्या एका वस्तूची गरज लागते. रविवारी सर्वांनी मिळून ज्यासाठी ओरडावे, ज्याच्याविषयी सोमवारी कामावर वाद घालावा, असे काही तरी लागते. पंढरपूरच्या वाटेवर अनोळखी माणसे एका अभंगाच्या धृपदात एक होतात; कारखान्याच्या गावाला तसे धृपद हवे असते. पार्क यांस हे ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

तरीही हा संघ आरंभी कंपनीचाच होता, गावाचा नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याच्या नावांचा इतिहासच याची साक्ष देतो. १९८३ साली कोरियात राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली तेव्हा तीत पाच संघ होते व त्यांपैकी दोनच व्यावसायिक होते. पोहांगचा संघ त्यात 'पोस्को डॉल्फिन्स' या नावाने उतरला आणि पुढल्या वर्षी व्यावसायिक झाला. १९८५ साली त्याचे नाव 'पोस्को ॲटम्स' असे झाले. हा ॲटम म्हणजे जपानी चित्रकथांतला तो प्रसिद्ध यंत्रबालक. जपानकडून आलेल्या पैशावर उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या संघाने नावही जपानी पोराचे घ्यावे, यातला विनोद त्या वेळी कोणाच्या ध्यानी आला होता की नाही, कोण जाणे! या नावाने संघाने १९८६, १९८८ व १९९२ या तीन वर्षी साखळी स्पर्धा जिंकली. परंतु प्रत्येक वेळी विजयपत्रावर पहिले नाव कंपनीचे. 'पोहांग' हा शब्द संघाच्या नावात आला तो १९९५ साली, आणि 'पोहांग स्टीलर्स' हे आजचे नाव रूढ झाले १९९७ पासून. गावाने आपल्या संघाच्या नावात शिरण्यास बावीस वर्षे घेतली!

दरम्यान एक मोठी गोष्ट घडली होती. नोव्हेंबर १९९० मध्ये कंपनीने आपल्या आवारातच एक क्रीडांगण बांधून पुरे केले. केवळ फुटबॉलसाठी बांधलेले हे कोरियातील पहिले क्रीडांगण. इतरत्र मैदानाभोवती धावण्याची वर्तुळे असत व प्रेक्षक खेळापासून दूर पडे. येथे तो इतका जवळ बसतो की, चेंडूला बसलेल्या लाथेचा आवाज त्यास ऐकू यावा. 'स्टीलयार्ड' हे त्याचे नाव, पोलादाच्या अंगणात आहे म्हणून. पोहांगला कोरियन नौसैनिकांची एक मोठी छावणी आहे. सामन्याच्या दिवशी तेथील शिपायांच्या तुकड्या गणवेशात येऊन एक बाजू भरून टाकतात. संघाचा पोशाख तांबड्या व काळ्या आडव्या पट्ट्यांचा आहे. तांबडा रंग वितळलेल्या लोखंडाचा आणि काळा कोळशाचा असावा, अशी आमची आपली कल्पना.

येथे आमच्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण त्यावाचून या संघाची गोष्ट आम्हांस इतकी का लागली हे कळावयाचे नाही. आमचे बालपण एका कारखान्याच्या वसाहतीत गेले. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तो आता नाही. त्याचाही फुटबॉलचा संघ होता. चांगले खेळाडू हेरून त्यांना दूरदूरच्या प्रांतांतून आणीत, नावाला एखाद्या खात्यात चिकटवीत आणि दुपारनंतर मैदानावर सोडीत. रविवारी सारी वसाहत मैदानाच्या कडेला लोटे. वडील मंडळी एरवी मोठ्याने बोलत नसत, ती तेथे घसा बसेपर्यंत ओरडत. आम्ही पोरे त्या खेळाडूंची नावे देवादिकांच्या नावांसारखी घेत असू. पण त्या मैदानावर आम्हांस पाऊल टाकण्याची परवानगी नव्हती. भोवती तारेचे कुंपण होते आणि फाटकाला कुलूप. वसाहतीतला एकही मुलगा त्या संघातून कधी खेळला नाही. पुढे कारखाना डबघाईस आला, आणि पहिली काटकसर संघावर झाली. एका महिन्यात खेळाडू आपापल्या प्रांती गेले, मैदानावर वखारी उभ्या राहिल्या, आणि कोणीही हूं की चूं केले नाही. पगार थकला तेव्हा मोर्चे निघाले. संघ मोडला तेव्हा साधा अर्जही कोणी लिहिला नाही. वर्षानुवर्षे ओरडून घसे बसविणारी माणसे गप्प कशी राहिली, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. उत्तर एकच दिसते. तो संघ त्यांनी पाहिला होता, त्यांच्यातून तो निघाला नव्हता. सारी वसाहत त्या खेळाची पाहुणी होती, आणि यजमानाने दिवा मालवला की पाहुण्याने उठावयाचे असते.

आमचीच वसाहत अभागी होती असे नाही. मुंबईच्या कूपरेज मैदानावर गिरण्यांचे व कंपन्यांचे संघ एके काळी झुंजत. गिरण्या गेल्या तसे तेही गेले. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ २००६ साली राष्ट्रीय साखळी स्पर्धेचा विजेता ठरला, आणि २०१० साली तो विसर्जित करण्यात आला. गोव्यात खाणमालकांच्या आश्रयाने डेंपो व साळगावकर हे संघ नावारूपास आले. राष्ट्रीय साखळीत डेंपोने पाच वेळा व साळगावकरने दोन वेळा विजेतेपद मिळविले. राष्ट्रीय संघटनेशी मतभेद होऊन २०१६ साली हे दोन्ही संघ त्या साखळीतून बाहेर पडले. डेंपो २०२४ साली तीत परतला, ही समाधानाची गोष्ट. गोव्यात निदान वाड्यावाड्यांवर भाताची कापणी झालेल्या शेतांतून पोरे चेंडू खेळतात, त्यामुळे आश्रय गेला तरी खेळ गेला नाही. जेथे खाली झरा असतो तेथे वरून येणारे पाणी बंद झाले तरी विहीर कोरडी पडत नाही. नळाच्या पाण्यावर भरलेल्या टाकीचे तसे नाही.

पोहांगची विहीर झऱ्याची की टाकीसारखी, हे प्रथम कोणालाच कळण्यासारखे नव्हते, कारण वरून पाणी भरपूर येत होते. १९९२ साली होंग म्योंग-बो हा तरुण बचावपटू संघात आला आणि पहिल्याच वर्षी साऱ्या स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. पाठोपाठ ह्वांग सन-होंग हा आघाडीचा खेळाडू आला. १९९५ साली त्याने लागोपाठ आठ सामन्यांत गोल केले. १९९६ साली कोरियन फुटबॉल संघटनेने सर्व संघांसाठी चषकाची स्पर्धा सुरू केली. पहिला चषक पोहांगने नेला. १९९७ साली क्वालालंपूर येथे आपल्याच देशाच्या इल्ह्वा संघास हरवून आणि १९९८ साली हाँगकाँग येथे चीनच्या दालियान संघास पेनल्टींवर हरवून पोहांगचा संघ लागोपाठ दोनदा आशियाचा विजेता झाला. २००२ साली कोरियाच्या राष्ट्रीय संघाने विश्वचषकात उपान्त्य फेरी गाठून जगाला थक्क केले. त्या संघाचा कर्णधार होंग म्योंग-बो होता, आणि तेव्हा तो पुन्हा पोहांगचाच खेळाडू होता.

परंतु संघ आपला होतो तो विजयांनी नव्हे, असे आमचे मत होत चालले आहे. विजय पैशाने विकत आणता येतो. पराभव मात्र ज्याचा त्यालाच सोसावा लागतो, आणि जे सोसले ते आपले होते. पोहांगच्या वाट्याला असे पराभव पुष्कळ आले. किनाऱ्यावर जवळच उल्सान हे शहर आहे, जहाजांचे आणि मोटारींचे. पोहांग पोलाद करते आणि उल्सान त्या पोलादाची जहाजे बांधते. व्यवहारात दोघे शेजारी, मैदानावर हाडवैरी. १९९८ साली या दोन संघांच्या निर्णायक सामन्यात खेळ संपता संपता उल्सानचा गोलरक्षक किम ब्योंग-जी आपले घर उघडे टाकून पोहांगच्या गोलापर्यंत धावत आला आणि त्याने चक्क डोक्याने गोल केला. मग पेनल्टींवर उल्सान जिंकले. नियती एवढ्यावर थांबली नाही. तोच किम पुढे पोहांगच्या संघात आला. आणि २००४ साली विजेतेपदाचा निर्णय पेनल्टींवर आला तेव्हा पोहांगची शेवटची पेनल्टी मारण्यास हाच गोलरक्षक पुढे झाला. समोर सुवोन संघाचा गोलरक्षक ली उन-जे होता. त्याने चेंडू अडविला. ज्याने शत्रू म्हणून रडविले त्यानेच स्वकीय होऊन पुन्हा रडवावे! आमच्या तमाशाच्या वगातही अशी गुंतवळ सहसा सापडत नाही.

या सगळ्या धामधुमीत पोहांगमध्ये एक काम मुकाट्याने चालले होते. कंपनीने गावात शाळा काढल्या होत्या. त्या शाळांतून फुटबॉलचे शिक्षण पद्धतशीर देऊन प्राथमिक शाळेपासून माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळेपर्यंत आणि तेथून संघापर्यंत एक अखंड वाट बांधण्यास संघाने २००३ च्या सुमारास आरंभ केला. कोरियात हा प्रयत्न फार लवकरचा होता. नऊदहा वर्षांच्या मुलाने चेंडू पायात घ्यावा, एकाच पद्धतीने शिकावे, आणि दहाबारा वर्षांनी तांबड्या-काळ्या पट्ट्यांचा सदरा अंगात घालावा, अशी ही योजना. आंब्याची कोय पेरणाऱ्याला लागणारा धीर तिला लागत होता, कारण पेरणारा अधिकारी फळ येईतो त्या जागी असेलच असे नाही. 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार' ही आपली म्हण पोहांगच्या लोकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. पण आड खोदण्याचे काम त्यांनी केले.

फळ येण्यापूर्वी बाहेरच्या पाण्यावर आणखी एक मोठी लाट आली. सेर्जियो फारियास या ब्राझिलियन प्रशिक्षकाच्या हाताखाली संघ २००७ साली साखळीत पाचवा आला होता, आणि तरी बाद फेऱ्यांत वरच्या चारही संघांना एकामागून एक हरवून विजेता झाला. दोन वर्षांनी, ७ नोव्हेंबर २००९ रोजी, टोकियो येथे सौदी अरेबियाच्या अल-इत्तिहाद संघाचा दोनास एक असा पराभव करून तो तिसऱ्यांदा आशियाचा विजेता ठरला. त्याच वर्षी अबुधाबीस जगातील खंडविजेत्यांच्या स्पर्धेत त्याने तिसरा क्रमांक मिळविला. तेथून फारियास यांनी सौदी अरेबियाचा रस्ता धरला आणि ते परत आले नाहीत. लाट ओसरली. बाहेरून आलेले बाहेर गेले.

मग ज्या वर्षाकरिता हा सारा प्रपंच आम्ही लिहीत आहोत ते वर्ष आले. पोलादाच्या धंद्यात मंदी होती, कंपनीने हात आखडला, आणि २०१३ च्या हंगामात संघाजवळ एकही परदेशी खेळाडू उरला नाही. कोरियात प्रत्येक मातब्बर संघाचे गोल बहुधा ब्राझीलकडून किंवा पूर्व युरोपाकडून आलेल्या दोनतीन खेळाडूंच्या पायांनी होतात. त्यांच्यावाचून खेळणे म्हणजे मुख्य नटावाचून नाटक उभे करणे. प्रशिक्षक होते पूर्वीचे आघाडीचे खेळाडू ह्वांग सन-होंग. एकोणिसाव्या शतकात कोरियाचे दरवाजे परकीयांस बंद करणारा देवोनगुन नावाचा एक राजप्रतिनिधी होऊन गेला. कोरियन लोकांनी त्याच्या नावात ह्वांग यांचे नाव मिसळून त्यांस 'ह्वांग-सन-देवोनगुन' अशी थट्टेची पदवी बहाल केली. थट्टा लवकरच कौतुकात बदलली. ली म्योंग-जू, को मू-योल, किम सुंग-दे ही गावच्या शाळांतून आलेली पोरे एकमेकांचे पाऊल ओळखीत होती. चेंडू उंच न मारता जमिनीवरून लहान लहान पल्ल्यांनी ती तो असा फिरवीत की, समोरचा संघ फुगडी पाहणाऱ्या माणसासारखा गरगरून जाई. चार वर्षे एका वर्गात बसलेल्या मुलांना खाणाखुणांनी बोलता येते. विकत आणलेल्या पाहुण्यांना भाषा शिकावी लागते.

१९ ऑक्टोबर २०१३ रोजी जोनजू येथे जोनबुक संघास त्याच्याच मैदानावर पेनल्टींवर हरवून पोहांगने चषक जिंकला. १ डिसेंबर रोजी साखळीचा शेवटचा सामना होता तो उल्सानशी, उल्सानच्या मैदानावर. उल्सान दोन गुणांनी पुढे होते. त्यांना बरोबरी पुरत होती. नव्वद मिनिटे झाली, गोल नाही. जादा मिनिटे सुरू झाली, तीही संपत आली. उल्सानच्या गोलासमोर माणसांचा गुंता झाला, आणि त्या गुंत्यातून पूर्वी नौसैनिक असलेल्या किम वॉन-इल या बचावपटूने चेंडू आत ढकलला. पंचाण्णवावे मिनिट! साखळी आणि चषक ही दोन्ही विजेतीपदे एकाच वर्षी मिळविण्याचा पराक्रम कोरियात त्यापूर्वी कोणत्याही संघाने केला नव्हता. तो ज्या वर्षी धन्याने सर्वांत कमी दिले त्या वर्षी झाला. पंधरा वर्षांपूर्वी उल्सानने शेवटच्या क्षणी जे हिरावून नेले होते ते शेवटच्याच क्षणी परत घेतले गेले. त्या सामन्याचे चित्रण आम्ही किती वेळा पाहिले असेल याची गणती नाही, आणि प्रत्येक वेळी आमच्या बंद झालेल्या मैदानाचे कुलूप आमच्या डोळ्यांसमोर येते.

येथवर वाचून चिकित्सक वाचक एक आक्षेप घेतील, आणि तो खोटा नाही. शाळा कंपनीच्या, मैदान कंपनीचे, पगार कंपनीचा. मग झरा गावाचा कसा? पुढल्याच वर्षी या आक्षेपास बळकटी आली. २०१४ च्या उन्हाळ्यात संघ साखळीत पहिला असता त्याचा कणा जो ली म्योंग-जू, त्यास अरब अमिरातीतील अल-ऐन संघास विकण्यात आले. हंगामाअखेर संघ चौथा आला. गावाने वाढविलेले पोर धन्याच्या हिशेबवहीत जमेच्या बाजूस लिहिले गेले. तेव्हा झरे फुटले म्हणजे मालकी पालटते असे मानणे भाबडेपणाचे होईल. मालकी पालटत नाही. पालटते ते दुसरेच काही. आपल्या शेजारचा, आपल्या शाळेतला मुलगा मैदानावर आहे असे ज्यास दिसते, तो मनुष्य पाहुणा राहत नाही. तो घरचा होतो. घरच्या माणसाला मालकी नसेल, पण त्याला रागावण्याचा हक्क असतो. पोर विकले म्हणून पोहांगचे लोक हळहळले, चिडले. आमच्या वसाहतीतल्या लोकांना चिडण्याचेही सुचले नव्हते. आश्रय आणि आपलेपणा यांतला भेद आम्हांस या एका गोष्टीत स्पष्ट दिसतो.

आणि जे घरचे असते त्याचे येणेजाणे निराळे असते. २०१९ च्या अखेरच्या दिवशी पोहांगने उल्सानला त्यांच्याच मैदानावर चारास एक असे हरवून हातातोंडाशी आलेल्या विजेतेपदास मुकविले. त्या वेळी प्रशिक्षक होते किम गी-दोंग, ज्यांनी याच संघातून जवळजवळ चाळिशीपर्यंत खेळ केला होता. २०२१ साली आशियाई स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात पुन्हा उल्सान समोर आले, आणि उल्सानचे प्रशिक्षक होते होंग म्योंग-बो! पोहांगने आपल्या जुन्या वीराच्या संघास पेनल्टींवर हरविले. पुढे रियाध येथील अंतिम सामना मात्र अल-हिलालने दोन गोलांनी जिंकला. ६ सप्टेंबर २०२२ रोजी एका वादळाने शेजारची नदी फुगून कारखान्यात पाणी शिरले. एकोणपन्नास वर्षांत प्रथमच सगळ्या भट्ट्या एकदम थांबल्या. चिखल उपसून, यंत्रे धुऊन-वाळवून कामगारांनी १३५ दिवसांत कारखाना पूर्ववत चालू केला. त्यानंतरच्या वर्षी संघास पन्नास वर्षे पुरी झाली. ४ नोव्हेंबर २०२३ रोजी चषकाचा अंतिम सामना स्टीलयार्डवरच झाला. जोनबुकविरुद्ध पोहांग दोनदा मागे पडले आणि दोन्ही वेळा सावरून चारास दोन असे जिंकले. शेवटचा गोल केला तो गावच्याच शाळेत घडलेल्या होंग युन-सांग या पोराने. २०२४ साली उल्सानला जादा वेळेत हरवून चषक पुन्हा जिंकला, तो सहाव्यांदा. तोवर इतक्या वेळा तो कोणीच जिंकला नव्हता. त्या वेळचे प्रशिक्षक पार्क ते-हा हे आपल्या खेळाच्या उभ्या आयुष्यात पोहांगखेरीज दुसऱ्या कोणत्याही व्यावसायिक संघाकडून खेळले नव्हते.

आमच्याकडे धनिकांस खेळाचा उमाळा आला म्हणजे ते प्रथम संघ विकत घेतात, मग त्याच्या सदऱ्यांचा रंग ठरवितात, आणि गावातल्या मुलांचा विचार उरलाच तर शेवटी करतात. उलट उदाहरणेही आहेत. जमशेदपूरला टाटांनी १९८७ साली फुटबॉलची शाळा काढली. त्या नगराचा व्यावसायिक संघ त्यानंतर तीस वर्षांनी, २०१७ साली निघाला. पोहांगने संघ आधी काढला व शाळा मागाहून. क्रम कोणताही असो, दोन्ही असल्यावाचून निभाव लागत नाही, एवढाच आमच्या सांगण्याचा सारांश. पोस्को कंपनीने आपल्या रायगड जिल्ह्यातही, माणगाव तालुक्यात विळे-भागाड येथे, पोलादी पत्रे करण्याचा कारखाना काढला आहे. तेव्हा पोहांगचे आणि आपले नाते अगदीच ओढूनताणून आणलेले नाही. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना त्या बाजूचे डोंगर दिसले म्हणजे आमच्या मनात येते की, या खोऱ्यातही अनवाणी पोरे काही तरी गोल वस्तू लाथाडीत असतीलच. त्यांच्यासाठी कोणी मैदान बांधील तर उत्तम. आणि बांधलेच, तर त्याच्या फाटकाची एक किल्ली गावच्या शाळामास्तरांपाशी असू द्यावी, एवढीच आमची बांधणाऱ्यास विनंती राहील.